गोरोबा संपादक पाणी प्याले होते

जबाब देणार : श्रीमती सुमनबाई आबाराव सोनकांबळे, वय ६१ वर्षे, धंदा पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका, सध्या सेवानिवृत्त, राहणार मौजे देवनिंबाळ, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद. ठिकाण : देवनिंबाळ पोलीस दूरक्षेत्र. दिनांक ११ मे १९७३, शुक्रवार.

मला कोणी बोलावलेले नाही. मी घराला कुलूप लावून स्वतः चालत येथे आले आहे आणि पूर्ण शुद्धीवर राहून खालील हकिगत सांगते.

वरचे नाव-गाव जमादार हणमंतप्पा यांनी लिहून घेतले. त्यांचे शिक्षण निजामाच्या वेळचे, उर्दूतून झालेले आहे. मी बोलते त्या वेगाने त्यांचा मराठीचा हात चालत नाही. म्हणून त्यांच्या संमतीने पुढचा मजकूर मी माझ्या हाताने लिहीत आहे. ते समोर बसलेले आहेत. त्यांनी जात विचारली. मी बौद्ध असे सांगितले. त्यांनी "पूर्वीची?" असे विचारले. पूर्वीची पूर्वी होती, असे मी सांगितले.

माझे शिक्षण गुलबर्ग्याला कॉन्व्हेंट शाळेत झाले. पुढे मी नर्सिंग केले. नोकरी संपल्यावर गावी परत आले. गावात मला सगळे सिस्टर म्हणतात. निवृत्त झाल्यापासून मी येथून निघणाऱ्या 'खुला कौल' या साप्ताहिकात आरोग्यावर लिहिते आणि अंकाचे शेवटचे प्रूफ वाचते. साप्ताहिकाचे संपादक, मुद्रक व मालक गोरोबा साखरे हे आहेत. अंक गुरुवारी निघतो. बुधवारी संध्याकाळी गोरोबा ओले प्रूफ घेऊन माझ्या ओट्यावर येत. याबद्दल मी काही घेतलेले नाही.

पाऊस नसल्यामुळे गावाबाहेर पाझर तलावाचे दुष्काळी काम चालू आहे. कामावर बहुतेक बाया आहेत. त्यांना प्यायला पाणी नव्हते, म्हणून तहसीलदारांनी चावडीपुढचा आड सर्व समाजाला खुला करण्याचा लेखी हुकूम दिला. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्या आडावर पहिल्यांदा पोहरा सोडला तो या एप्रिलात. कायदा होऊन बरीच वर्षे झाली आहेत, परंतु गावाला तो तहान लागल्यावर कळला.

कामावर सरकारी टँकरही यायचा होता. तो येत नव्हता. तालुका खरेदी-विक्री संघाचे चेअरमन गुंडाप्पा बिराजदार यांच्या मोसंबीच्या बागेत तो रिकामा होतो, ही बातमी गोरोबांनी टँकरच्या नंबरासहित छापली. ते स्वतः बांधावर बसून पाहून आले होते. बातमी वाचून बायांनी सोमवारी, ७ मे रोजी, उमरग्याला तहसीलवर मोर्चा न्यायचे ठरवले. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच, की पुढचा प्रकार मोर्चाच्या आदल्या दिवशी घडला.

शनिवारी, ५ मे रोजी, दिवस मावळताना आरोग्यसेवक श्रीमंत हे आडात औषध टाकण्यासाठी आले. शेजारच्या गावात पटकीचे रोगी निघाले होते. औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ज्याला गावात लाल दवा म्हणतात. मी आयुष्यभर हे औषध पाहिले आहे. श्रीमंत यांनी ते मोजून दिले. बादलीत मी विरघळवले, कारण त्यांच्या हाताला फोड आले होते. चांगुणा बाबू कांबळे, वय अंदाजे २४, कामावरून घरी चालली होती, तिला मी हाक मारली. तिने पोहरा आत सोडून वर-खाली हलवला, म्हणजे औषध खालपर्यंत मिसळते. ते माझ्या वयाच्या बाईचे काम नाही. गोरोबा साखरे आडाच्या काठावर उभे होते. आरोग्यावरच्या माझ्या लेखासाठी त्यांना हे बघायचे होते. "सिस्टर, शाई वतल्यावानी दिसतंय," असे ते म्हणाले. "तुझ्या शाईपेक्षा उपयोगी आहे," असे मी म्हटले. ते हसले.

औषध टाकल्यावर रात्रभर पाणी काढायचे नसते, आणि सकाळी गुलाबी दिसले तरी घाबरायचे नसते. हे गावाला दवंडी देऊन सांगावे लागते. आमच्या गावात दवंडी नाही. पूर्वी ती आमच्या लोकांनी द्यायची असे. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, तेव्हा हलगी खाली ठेवली, मेलेली ढोरे ओढणे सोडले. ग्रामपंचायतीने त्या जागी पगारी माणूस नेमायचा होता. सतरा वर्षांत तिला माणूस सापडलेला नाही. म्हणून श्रीमंत यांनी माझ्यासमोर संघाच्या कचेरीत जाऊन कारकुनाला सांगितले, की छपरावरच्या भोंग्यातून एवढे सांगा : आडात औषध टाकले आहे, उजाडेपर्यंत पाणी काढू नका. कारकुनाने हो म्हटले. श्रीमंत शेवटच्या गाडीने पुढच्या गावी गेले.

भोंगा त्या संध्याकाळी वाजला नाही.

रविवारी उजाडताच मी, चांगुणा व गोरोबा आडावर गेलो. पाणी फिकट गुलाबी होते, म्हणजे पिण्यास योग्य होते. चांगुणाने पहिला पोहरा काढला. मी प्याले. गोरोबांनी ओंजळ धरली. चांगुणाने वरून पाणी ओतले. ते प्याले, तोंड पुसले आणि पुन्हा ओंजळ धरली. चव जरा तुरट लागते असे ते म्हणाले. हे मी हातभर अंतरावरून पाहिले. माझी नजर चांगली आहे, चष्मा फक्त वाचायला लागतो.

आम्ही घरी गेलो. मागून आलेल्या बायांनी पाण्याचा रंग पाहिला आणि आरडाओरडा केला. मग भोंगा वाजला. चेअरमन गुंडाप्पा स्वतः बोलत होते. आडात विष कालवले आहे, मोर्चाच्या नावाखाली बाहेरचे लोक गावात शिरले आहेत, रात्री एका बाईला आडात काही सोडताना पाहिले आहे, लेकरांना घरात ठेवा, घराघराने पहारा द्या, असे ते म्हणाले. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. आडावर जायला नुकती सुरुवात केलेल्या बाया कोणत्या, हे गावाला माहीत होते. तासाभरात लोक काठ्या घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले. चांगुणाच्या सासू मालनबाई दारात आडव्या बसल्या. चांगुणाला येथे आणण्यात आले ते तिच्या संरक्षणासाठी, असे जमादारांनी मला तेव्हा सांगितले. मी त्यांचे आभार मानले होते. ते आभार मी परत घेते. ती अजून मागच्या खोलीत आहे. अटक आहे का, असे विचारले तर चौकशी आहे असे सांगतात. चौकशी करताना मी कोणाला पाहिलेले नाही. मालनबाई भाकरी घेऊन येतात आणि फडके रिकामे घेऊन जातात.

जमादारांचे म्हणणे, चौकशीचे वाक्य खोडावे. मी खोडणार नाही.

त्याच दिवशी दुपारी गावात कलम १४४ लागले. चारच्या वर माणसे जमू नयेत. मोर्चा निघाला नाही. टँकर कोठे गेला, ते नंतर कोणी विचारले नाही.

सोमवारी गोरोबांनी दोन पानी जादा अंक काढला. शीर्षक होते : 'विष नव्हे, औषध'. मजकूर त्यांचा स्वतःचा होता. माझा त्यात एकही शब्द नाही, कारण त्यांना दुरुस्तीची गरज पडली नाही. औषध कोणी दिले, कोणी विरघळवले, कोणी पोहरा हलवला, भोंग्याने काय सांगायचे होते आणि काय सांगितले, हे सगळे त्यांनी लिहिले. शेवटी लिहिले : 'आम्ही दोन्ही वेळा तेथे उभे होतो. चांगुणा कांबळे हिने काढलेले पाणी आम्ही स्वतः ओंजळीने प्यालो आणि हा अंक लिहिण्यास जिवंत आहोत.' तो अंक वाचून काठ्या घेतलेले काही लोक आपापल्या घरी गेले. जमादारही मला म्हणाले, "सिस्टर, संपादकानं सही करून सांगितलं तर पोरीला गुरुवारी सोडतो." जमादार समोर आहेत, त्यांनी नाकारावे.

सोमवारी रात्री प्रेसवर दगड पडले. मंगळवारी चेअरमन गुंडाप्पा जीप घेऊन प्रेसवर आले. मी तेथे होते, प्रेसचे खिळे जुळवणारा जुळारी शिवप्पा होता. चेअरमन पायरीवर उभे राहून म्हणाले, "गोरोबा, तुझा कागद सोलापूरहून कुणाच्या ट्रकमध्ये येतो रं?"

"संघाच्या, आप्पा."

"आन् सोसायट्यांच्या सभेच्या नोटिसा कुणाच्या अंकात छापून येत्यात?"

"माझ्या."

"मग?"

"मग कागद डोक्यावर आणीन. नोटिसा दुसऱ्याला द्या."

चेअरमन म्हणाले, "मिसा नावाचा कायदा हाय. वकील लागत न्हाय, कोर्ट लागत न्हाय. फोन लागतो फकस्त."

गोरोबा म्हणाले, "फोन करा आप्पा. पर आधी लाईन लागतीया का बघा, चार दिस झाले बंद हाय." शिवप्पा मोठ्याने हसला. चेअरमन माझ्याकडे पाहून म्हणाले, "सिस्टर, तुमी तर शिकल्या-सवरल्या. नादी लावू नका पोराला." चाळिशीच्या माणसाला मी नादी लावत नाही, आणि मला मोसंबीची बागही नाही, असे मी सांगितले. ते गेल्यावर गोरोबा म्हणाले, "सिस्टर, म्या मागं सरत न्हाय. लिहून देतो पायजे तर." मी म्हटले, लिहून तर दिलेच आहेस. त्या दिवशी मी या माणसासाठी कोठेही साक्ष दिली असती.

बुधवार बाजाराचा दिवस. संध्याकाळी बाजार भरलेला असताना भोंगा पुन्हा वाजला. या वेळी विषाचे नाव नव्हते, धमकी नव्हती. संघाच्या कारकुनाने गोरोबांच्या अंकातले एकच वाक्य वाचले : चांगुणा कांबळे हिने काढलेले पाणी आम्ही स्वतः ओंजळीने प्यालो. थोडे थांबून पुन्हा वाचले. असे बाजार उठेपर्यंत चालले. त्यात त्यांनी पदरचे काही घातले नाही. बाजारात पहिल्यांदा कोणी हसले नाही. नंतर हसले.

त्या बुधवारी प्रूफ आले नाही. मी ओट्यावर कंदील लावून बसले होते. गोरोबांच्या पत्नी तारामतीबाई मागच्या दाराने आल्या. त्यांच्या मुलीचे, अयोध्याचे, लग्न ठरत आले आहे. मुलाकडची माणसे बाजारात होती. तारामतीबाई उभ्यानेच म्हणाल्या, "सिस्टर, ते तुमचंच ऐकत्यात. पाणी प्यालो न्हाय, येवढंच लिवायला सांगा. बाकी काय बी लिवू द्या. आप्पाच्या बागंवर लिवा, मोर्चावर लिवा. पाण्याचं तेवढं काढा."

मी म्हटले, "बाई, ते पाणी प्यायले तिथेच उभे होते. पाणी काढले तर उभे राहणेही निघते. उभे राहणे निघाले, तर चांगुणासाठी बोलायला उरते कोण?"

त्या म्हणाल्या, "तुमी हाईत की."

मी म्हटले, "मी तिच्याच जातीची. माझे कोण खरे धरणार?"

त्या म्हणाल्या, "पोरीचं लगीन मोडलं, तर पुन्हा कोण येणार हाय आमच्या दारात?" आणि रडल्या. त्यांचे अयोध्याच्या वेळचे बाळंतपण मुरुमच्या दवाखान्यात मीच केले. बाई दोन दिवस बेशुद्ध होती. त्या लेकराच्या ओठाला पहिले पाणी कोणाच्या बोटाने लागले, याविषयी मला जे सांगता येईल ते मी सांगत नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही आणि मुलीचा काही दोष नाही. मी तारामतीबाईंना वाटेपर्यंत कंदील दाखवला.

काल गुरुवारी अंक निघाला. पहिल्या पानावर चौकटीत खुलासा आहे. तो असा : 'आमच्या जादा अंकातील मजकूर एका विशिष्ट समाजातील निवृत्त परिचारिकेने पुरविलेल्या माहितीवर विसंबून छापला गेला. संपादक त्या दोन्ही दिवशी परगावी होते. त्यांनी सदर पाणी प्राशन केलेले नाही. वाचकांच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत.' परगाव कोणते, ते दिलेले नाही. माझे नाव दिलेले नाही. गावात निवृत्त परिचारिका एकच आहे.

मी प्रेसवर गेले. शिवप्पा मला पाहून मशिनमागे गेला. गोरोबा टेबलाशी बसलेले होते. ते म्हणाले, "बसा सिस्टर. चहा सांगतो."

मी म्हटले, "गोरोबा, तू कोणत्या परगावी होतास?"

ते म्हणाले, "तुमाला काय होणार हाय, सिस्टर? पेन्शन हाय. पोटी कुनी न्हाय. तुमच्या नावावर खपतंय ते."

"आणि चांगुणा?"

"सोडतील की. आज न्हाय तर उद्या. तिच्यावर काय शाबीत होणार?"

"काय शाबीत होणार नाही, ते तूच लिहिले होतेस. आता तेच काढून घेतलेस."

ते म्हणाले, "दगडाला भ्यालो न्हाय. आप्पाला भ्यालो न्हाय. तुमी बघितलंय. पर भावकीनं काल दारात येऊन इचारलं, सिस्टर. आमच्या म्हातारीनं माज्या ताटातलं उचलून कुत्र्याला घातलं."

मी म्हटले, "तुझ्या अंकात हे छाप. बागेपेक्षा मोठी बातमी आहे." तेवढ्यात चहा आला. गोरोबांनी फळीवरून पांढरा, निळ्या काठाचा कप काढला आणि मला त्यात ओतून दिला. स्वतः आणि शिवप्पाने पेल्यात घेतला. हा कप मी येऊ लागल्यापासून त्या फळीवर पालथा असे. त्याला दुसरे कोणी हात लावत नसे. 'सिस्टरचा कप' म्हणत. मी इतकी वर्षे तो मान समजत होते. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरचा असा वेगळा कप असे, त्यामुळे ही चूक माझ्याकडून झाली.

चहा मी प्याले नाही. कप बरोबर आणला आहे. मुद्देमाल म्हणून जमा करून घ्यावा, असे मी जमादारांना सांगितले. त्यांनी घेण्यास नकार दिला. तो टेबलावर आहे.

आज सकाळी जमादारांनी मला सांगितले, की संपादक तेथे नव्हते असे ठरल्यामुळे चांगुणावर रीतसर गुन्हा नोंदवून तिला उद्या उमरग्याला पाठवायचे आहे. आरोग्यसेवक श्रीमंत यांची बदली परंड्याकडे झाल्याचे समजते. ती कोणत्या दिवशी झाली, हे मी विचारले. सोमवारी. सरकारी कामे इतक्या लवकर होतात, हे माझ्या नोकरीत मला माहीत नव्हते.

तरी मी लिहून देते, की गोरोबा साखरे शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी उजाडताच आडावर हजर होते. ते पाणी प्याले होते. दुसऱ्यांदा मागून प्याले होते. त्यांना बोलावून माझ्यासमोर विचारावे. मघाशी त्यांना येथे बोलावणे धाडले होते. ते घरी नाहीत, परगावी आहेत, असा निरोप आला.

तसेच लिहून देते, की आडात जे टाकले ते चांगुणाने टाकले नाही. श्रीमंत यांनी मोजले, मी विरघळवले आणि मीच बादली आडात रिकामी केली. चांगुणाने माझ्या सांगण्यावरून पोहरा हलवला. ते विष आहे असे सरकारचे म्हणणे असेल, तर ते टाकणारी बाई मी आहे. आरोपीच्या जागी माझे नाव लिहावे आणि तिला घरी पाठवावे. जमादार म्हणाले, "सिस्टर, तुमाला आत घेता येत न्हाय. म्हातारं माणूस, पेन्शनर. वरून विचारतील मला." तिलाही आत घेता येत नव्हते, आणि कोणी वरून विचारले नाही, असे मी म्हटले.

जमादार म्हणाले, "मग काय करू मी? तुमीच सांगा."

"दार उघडा," असे मी सांगितले.

ते उमरग्याला फोन लावण्यासाठी उठले. लाईन बंद आहे. ते परत येऊन बसले आहेत. मागच्या खोलीतून चांगुणाने विचारले, "सिस्टर, तुमी गेल्या का?" मी नाही असे सांगितले.

मागच्या खोलीचे दार तिला बाहेर सोडण्यासाठी, किंवा मला आत घेण्यासाठी, उघडेपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही. जमादारांचे म्हणणे, असले वाक्य जबाबात लागत नाही. माझे म्हणणे, लागते.

वरील जबाब जमादार हणमंतप्पा यांनी मला वाचून दाखवला. ते अडले तेथे मी त्यांना वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. कोणी तो माझ्याकडून वदवून घेतलेला नाही आणि यातले काहीही मी पुढच्या अंकात मागे घेणार नाही.

सही : सुमनबाई आबाराव सोनकांबळे

समक्ष : हणमंतप्पा, जमादार, देवनिंबाळ दूरक्षेत्र